खरा नंबर तिजोरीत, कामापुरता नंबर बाजारात

मालवणच्या बाजारात आमचे कापडाचे दुकान आहे. शर्टिंग-सूटिंगचा धंदा आता पूर्वीसारखा राहिला नाही, तयार कपड्यांनी तो खाल्ला. हल्ली आमची निम्मी विक्री चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे आणि पडदे यांची, आणि गिऱ्हाईक म्हणजे तारकर्ली, देवबाग, चिवला किनाऱ्यावरचे निवास-न्याहारीवाले. माल इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी आणि सुरतेहून येतो. पैसे बँकेतून जातात. या सर्व व्यवहारात रोख रक्कम हातात घेण्याची वेळ आता क्वचितच येते. चोराने गल्ला फोडला तर त्याला चिल्लर मिळेल, एवढेच.

दोन वर्षांपूर्वी थोरल्या मुलाने हौसेने भरतकामाचे संगणकी मशीन घेतले. उशांच्या अभ्र्यांवर आणि पडद्यांवर नक्षी काढून दिली तर गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देते, हा त्याचा हिशोब बरोबरच होता. मशीनसाठी नक्षीचे नमुने लागतात आणि ते परदेशी साइटवर डॉलरमध्ये विकत मिळतात. मुलाने आमच्या चालू खात्याचे डेबिट कार्ड काढले, परदेशी खरेदीची सोय बँकेच्या ॲपमधून चालू केली आणि सहा डॉलरचे नमुने घेतले. नमुने चांगले निघाले. अभ्रे खपलेही.

त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी, ईदची खरेदी ऐन तोंडावर असताना, फजरच्या वेळी उठून मोबाइल पाहिला तर रात्री दोनच्या सुमाराचे तीन मेसेज होते. आमचे शिक्षण उर्दू माध्यमातले. मराठी बाजारात शिकलो, इंग्रजी अजूनही हिज्जे लावून वाचतो. पण आकडा कुठल्याही भाषेत आकडाच असतो. तिन्ही मिळून एक्केचाळीस हजार रुपये गेले होते. कुठल्या देशात गेले, कोणी नेले, काही कळेना. ओटीपी विचारणारा फोन आला नव्हता, मुलाने कोणाला काही सांगितले नव्हते, कार्ड घरातल्या कपाटात जागच्या जागी होते. सुरतेच्या व्यापाऱ्याला द्यायचे पैसे त्याच खात्यात होते आणि आमचा धनादेश त्याच्या हातात होता.

ती रक्कम आम्हाला परत मिळाली. कशी मिळाली ते पुढे सांगतो. पण त्या दिवशी बँकेच्या शाखेतील अधिकाऱ्याने विचारलेला एक प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला. तो म्हणाला, "चाचा, सहा डॉलरच्या मालासाठी तुम्ही आख्ख्या दुकानाच्या खात्याचा नंबर का दिलात?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे शिकलो ते आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम हे समजून घ्यावे की ओटीपीशिवाय पैसे गेले कसे. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून देशातल्या ऑनलाइन कार्ड व्यवहाराला कार्डावर छापलेल्या माहितीपलीकडे आणखी एक खूण आवश्यक केली. आपल्या मोबाइलवर येणारा ओटीपी तो हाच. परदेशातल्या दुकानदाराला मात्र हा नियम लागू करता येत नव्हता. तिकडच्या कित्येक साइटना सोळा आकडी नंबर, मुदतीचा महिना-वर्ष आणि मागचे तीन आकडे एवढे मिळाले की पुरते. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने काढलेल्या निर्देशांत परदेशी व्यवहारांनाही अशी पडताळणी जोडण्याची तजवीज आहे आणि बँकांना त्यासाठी १ ऑक्टोबर २०२६ ची मुदत दिलेली आहे. तीसुद्धा परदेशी दुकानदाराने पडताळणी मागितली तर. म्हणजे आमच्या मुलाने ज्या साइटला नंबर दिला तिथून तो फुटला असेल, किंवा तिने तो जिथे साठवला तिथून कोणी उचलला असेल. ज्याच्या हाती तो नंबर गेला त्याला आमच्या खात्याची किल्लीच मिळाली.

नंबर फुटण्यासाठी गिऱ्हाइकाची चूक असावीच लागते असेही नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये आपल्या देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती फुटल्याचे उघड झाले. एकट्या स्टेट बँकेला सहा लाखांच्या आसपास कार्डे बंद करून नवी द्यावी लागली. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचा प्रकार तर महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी शनिवारी, काही तासांत, बँकेच्या बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. भारतातही काढले गेले, त्यात आमच्या घाटावरचे कोल्हापूरही होते. १३ तारखेला हाँगकाँगच्या खात्यावर आणखी सुमारे चौदा कोटी वळते झाले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाख. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ च्या एप्रिलमध्ये अकरा जणांना दोषी ठरवले. तिथे फसली ती बँकेची यंत्रणा. खातेदारांनी कोणाला काही सांगितलेले नव्हते.

तेव्हा नंबर कधी ना कधी फुटणारच, असे धरूनच व्यापाऱ्याने चालावे हे बरे. मग प्रश्न उरतो तो हा की, फुटलेल्या नंबराने चोराच्या हाती किती लागावे?

आमच्या वडीलधाऱ्यांना हा प्रश्न नवा नव्हता. मुंबईच्या बोटी मालवण बंदरात लागत त्या काळी कापडाचे गठ्ठे येत आणि पैसा हुंडीने जाई. हुंडीची रचना ज्यांनी केली ते मोठे हुशार लोक असावेत. हुंडीवर रक्कम लिहिलेली असे, त्यापेक्षा एक आणा जास्त कोणाला मिळत नसे. दर्शनी हुंडी दाखवताच पटायची, मुदती हुंडी ठरलेल्या दिवसांनंतर. नामजोग हुंडीचे पैसे ज्याचे नाव त्यालाच. शाहजोग हुंडी बाजारात पत असलेल्या शाहूमार्फतच पटे, रस्त्यात सापडलेली हुंडी घेऊन कोणी उपटसुंभ पेढीवर गेला तर त्याला हात हलवत परत यावे लागे. पुढे बँका आल्या. धनादेशाच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहिण्याची आपल्याला सवय झाली. ही सवय का लागली? कागद हरवला तरी पैसा हरवू नये म्हणून.

आता विचार करा, सही केलेला कोरा धनादेश आपण कोणाला देतो काय? सख्ख्या भावालाही देताना हात अडखळतो. कार्डाचा खरा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे परदेशी साइटवर लिहिणे म्हणजे कोरा धनादेश देणेच होय. रकमेची मर्यादा नाही, नाव नाही, मुदतही चार-पाच वर्षांची.

यावर बँकवाल्यांनी जो उपाय काढला त्याला व्हर्च्युअल कार्ड नंबर म्हणतात. आभासी नंबर म्हणा हवे तर. आम्ही त्याला कामापुरता नंबर म्हणतो. बँक तुमच्या खऱ्या कार्डामागे दुसरा सोळा आकडी नंबर तयार करून देते. दिसायला तो हुबेहूब कार्डाचाच, कारण सुरुवातीचे आकडे बँक ओळखण्याचे आणि शेवटचा आकडा पडताळ्याचा, ही रीत त्यालाही लागू असते. दुकानदाराच्या यंत्राला फरक कळत नाही. फरक फक्त तुमच्या बँकेला कळतो, कारण हा नंबर कोणत्या खऱ्या कार्डाचा याची जोडणी तिच्या वहीत असते. या नंबरावर तुम्ही अटी घालू शकता. एकदाच चालेल, अमुक रकमेपर्यंत चालेल, अमुक दुकानातच चालेल, अमुक तारखेनंतर बाद होईल. म्हणजे नामजोग, मुदती, रक्कम लिहिलेली हुंडीच की! तो कोणी चोरला तर त्याच्या हाती पटून गेलेली हुंडी पडते.

ही कल्पना काही काल-परवाची नव्हे. अमेरिकन एक्स्प्रेसने २००० साली अशी सोय सुरू केली होती. आयर्लंडच्या डब्लिन शहरातील ऑर्बिसकॉम नावाची कंपनी याच कामात होती, ती पुढे २००९ मध्ये मास्टरकार्डने विकत घेतली. आपल्या देशातही एचडीएफसी बँकेचे नेटसेफ, कोटकचे नेटकार्ड, स्टेट बँकेचे व्हर्च्युअल कार्ड अशी नावे नेट बँकिंगवाल्यांच्या परिचयाची होती. स्टेट बँकेच्या कार्डावर कमीत कमी शंभर आणि जास्तीत जास्त पन्नास हजार रुपये घालता येत आणि ते अठ्ठेचाळीस तासांत बाद होई. पण आपल्याकडे लोकांनी ही सोय फारशी वापरलीच नाही. ओटीपी आल्यावर तिची निकड कमी वाटली, आणि खरे सांगायचे तर शाखेतले लोकही कोणाला आपणहून सांगत नसत. आता काही बँकांच्या ॲपमध्ये व्हर्च्युअल कार्ड मिळते, काहींमध्ये नाही. आपल्या बँकेत विचारावे. विचारताना मात्र एक खबरदारी घ्यावी. काही ठिकाणी 'व्हर्च्युअल कार्ड' म्हणजे तुमचेच खरे कार्ड मोबाइलच्या पडद्यावर दाखवतात, नंबर तोच. त्याने काही साधत नाही. वेगळा नंबर आणि रकमेची मर्यादा, या दोन गोष्टी असतील तरच ते आपल्या कामाचे.

गंमत अशी की आमच्या तारकर्लीच्या गिऱ्हाइकांना हा नंबर आमच्या आधी माहीत झाला होता. बुकिंग डॉट कॉम, एक्सपीडिया यांसारख्या कंपन्या पर्यटकाकडून पैसे स्वतः घेतात आणि पुष्कळदा हॉटेलवाल्याला ते व्हर्च्युअल कार्डाने देतात. त्या नंबरावर त्या एका बुकिंगचीच रक्कम असते आणि ठरलेल्या तारखेच्या आधी तो चालत नाही. एवढ्या मोठ्या कंपन्या ज्याच्याशी रोज धंदा करतात त्या हॉटेलवाल्यालाही खऱ्या खात्याचा नंबर दाखवत नाहीत. आम्ही मात्र कधी न पाहिलेल्या साइटला दाखवून मोकळे झालो.

देशातल्या खरेदीपुरते बोलायचे तर हे काम आता सरकारी शिस्तीनेच होते. पूर्वी ऑनलाइन दुकाने आपला कार्ड नंबर साठवून ठेवत. रिझर्व्ह बँकेने ते बंद केले आणि दोन-तीनदा मुदत वाढवून १ ऑक्टोबर २०२२ पासून नियम लागू झाला. आता कार्ड 'सेव्ह' करण्यास आपण होकार दिला की दुकानाकडे खऱ्या नंबराऐवजी टोकन जाते. ते टोकन त्या कार्डाचे आणि त्या दुकानाचेच असते, दुसऱ्या दुकानात त्याची किंमत शून्य. दुकानाला आपल्या कार्डाचे शेवटचे चार आकडे तेवढे दिसतात. याचे पैसे पडत नाहीत आणि सक्तीही नाही. टोकन नको असेल तर दर वेळी पूर्ण नंबर लिहावा लागतो, इतकेच. काही बांधव 'सेव्ह' हा शब्द पाहून घाबरतात आणि दर वेळी नंबर लिहीत बसतात. देशातल्या नामांकित दुकानात टोकन घेणे अधिक बरे, असे आमचे मत झाले आहे. परदेशी साइटचा प्रकार निराळा. तिथे ही शिस्त आहे असे धरून चालू नये.

आता आम्ही स्वतः काय केले ते सांगतो. आम्ही तिजोरी आणि गल्ला वेगळा केला. प्रत्येक दुकानात ही रीत असतेच. गल्ल्याची किल्ली आपण नोकराच्या हाती देतो, तिजोरीची देत नाही. दुकानाच्या चालू खात्याचे डेबिट कार्ड आम्ही ऑनलाइन आणि परदेशी, दोन्ही वापरांसाठी बंद केले. त्या खात्यातून व्यापाऱ्यांचे पैसे जातात, तेही बँकेच्या ठरलेल्या मार्गाने. किरकोळ ऑनलाइन खरेदीसाठी वेगळे बचत खाते उघडले आणि त्यात दहा-बारा हजारांवर रक्कम ठेवत नाही. मोबाइलमधले यूपीआयही त्यालाच जोडले. मुलाला नक्षीचे नमुने लागले की तो त्या खात्याच्या कार्डाची परदेशी सोय चालू करतो, मर्यादा हजार रुपयांची ठेवतो, खरेदी करतो आणि लगेच बंद करतो. पहिल्या वेळी चूक हीच झाली होती. दार उघडले होते, लावायचे राहून गेले.

ही चालू-बंदची कळ आपल्याला रिझर्व्ह बँकेच्या १५ जानेवारी २०२० च्या परिपत्रकाने मिळाली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ती अंमलात आली. नवे कार्ड आता देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या यंत्रावरच चालते. ऑनलाइन, परदेशी आणि नुसते टेकवून पैसे देणे या गोष्टी आपण स्वतः चालू कराव्या लागतात. प्रत्येकाची मर्यादाही आपण ठरवायची. ज्यांच्याकडे स्मार्ट फोन नाही त्यांनी घाबरू नये, एटीएमवर किंवा बँकेच्या फोन सेवेवरही ही सोय देण्यास बँकांना सांगितलेले आहे. ज्यांची बँक व्हर्च्युअल नंबर देत नाही त्यांच्यासाठी छोटे खाते, छोटी मर्यादा आणि बंद दार मिळून जवळपास तेच काम होते.

क्रेडिट कार्डाबद्दल दोन शब्द. फसवणुकीच्या दृष्टीने पाहिले तर डेबिट कार्डात आधी आपला पैसा जातो आणि मग भांडावे लागते. क्रेडिट कार्डात बिल येण्याआधी तक्रार करता येते. म्हणून जाणकार लोक ऑनलाइन खरेदीला क्रेडिट कार्ड चांगले म्हणतात. पण व्याजामुळे आमच्यातील पुष्कळ बांधव ते घेतच नाहीत. मुदतीत पूर्ण बिल भरले तर व्याज लागत नाही हे खरे, तरी करारात व्याजाचे कलम असतेच. त्याबद्दल निर्णय देण्याचा आम्हाला अधिकार नाही, तो ज्याने त्याने आलिमांना विचारून घ्यावा. न घेणाऱ्यांचे काही अडत नाही एवढेच आम्ही अनुभवाने सांगू शकतो. छोटे खाते आहे, पैसे भरून वापरायचे प्रीपेड कार्ड आहे.

यूपीआयचा पत्ता हाही एक कामापुरता नंबरच आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. २०१६ साली यूपीआय सुरू झाले तेव्हा त्या पत्त्याला नावच मुळी 'व्हर्च्युअल पेमेंट ॲड्रेस' असे दिले गेले. दुकानात लावलेल्या क्यूआरवरून गिऱ्हाइकाला आपला खाते क्रमांक कळत नाही, पैसे मात्र येतात. फक्त बहुतेक ॲप आपल्या मोबाइल नंबराचाच पत्ता बनवून देतात. त्याऐवजी दुकानाच्या नावाचा पत्ता घेता येतो. बाजारातल्या लेडीज टेलर बहिणींना आम्ही हे आवर्जून सांगतो, क्यूआरवरून मोबाइल नंबर जगाला वाटायची गरज नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल, चला, एवढे केले की झाले. तसे नाही. जगातला कोणताही व्हर्च्युअल नंबर आपल्या जिभेवर कुलूप घालू शकत नाही.

देवबागचे आमचे एक जुने गिऱ्हाईक गेल्या हंगामाआधी दुकानात आले आणि वीस चादरी जास्त मागू लागले. विचारले तर म्हणाले, फौजेची मोठी तुकडी सहलीला येणार, दहा खोल्या चार दिवस. आम्ही चादरी काढून फळीवर ठेवल्या. तेवढ्यात त्यांना फोन आला. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, रुबाबदार आवाज. आमच्या युनिटच्या नियमाप्रमाणे आगाऊ रक्कम कार्डावरच जमा होते, कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो आले, आता मोबाइलवर जो नंबर येईल तो सांगा. आम्ही खूण करून फोन ठेवायला लावला. पैसे घ्यायला मागचे तीन आकडे कशाला हवेत? ओटीपी कशाला हवा? पिन, ओटीपी, तीन आकडे या सर्व गोष्टी पैसे देण्याच्या आहेत, घेण्याच्या नव्हेत. कार्ड तिथल्या तिथे बंद केले. मेसेज उघडून पाहिला तर बत्तीस हजारांच्या खरेदीचा ओटीपी होता. वीस चादरी आम्ही पुन्हा घडी करून ठेवल्या. त्यांचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटते, कारण त्या आगाऊ रकमेवर त्यांनी छप्पर शाकारण्याचा बेत केला होता.

आमच्याच गल्लीतल्या शिलाईवाल्या मित्राला मात्र असे कोणी भेटले नाही. त्याला बँकेच्या नावाने फोन आला, कार्ड बंद पडेल म्हणाले, ओटीपी मागितला, त्याने दिला. सत्तावीस हजार गेले, सहा महिन्यांची शिल्लक. नंतर तो मेसेज आम्ही वाचला. ओटीपीच्या आधीच त्यात रक्कम आणि दुकानाचे नाव लिहिलेले होते. इंग्रजीत! आम्ही विचारले, अरे, आकडा तरी पाहायचास. तो म्हणाला, "सेठ, माका इंग्लिश वाचूक खय येता? शेवटचो नंबर तेवढो सांगलंय." या उत्तरावर आमच्याकडे बोलायला काही नव्हते. आम्हीही हिज्जे लावणारेच. आपल्या कारागिरांपैकी किती जण मेसेज पूर्ण वाचू शकतात, हा प्रश्न बँकांनी स्वतःला विचारायला हवा. मराठीत, उर्दूत दोन ओळी आल्या असत्या तर त्याचे सत्तावीस हजार कदाचित वाचले असते.

आता आमचे पैसे परत कसे आले ते सांगायचे राहिले. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे एक परिपत्रक आहे आणि सहकारी बँकांसाठी तसेच १४ डिसेंबर २०१७ चे. गिऱ्हाइकाची चूक नाही, बँकेचीही नाही, तिसरीकडूनच काही घडले, अशा वेळी बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर गिऱ्हाइकावर काहीच पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर ठरावीक मर्यादेपर्यंत तोटा सोसावा लागतो. बचत खात्याला ही मर्यादा साधारण दहा हजार, लहान उद्योगांच्या चालू खात्याला दहा हजार, इतर चालू खात्याला पंचवीस हजार. सात दिवसांनंतर बँकेचे जे धोरण असेल ते. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करावी आणि नव्वद दिवसांत निकाल लावावा, असे त्यात म्हटले आहे. आणि गिऱ्हाइकाचीच चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. आपापल्या बँकेचे धोरण शाखेत मागून पाहावे, ते दाखवणे त्यांचे काम आहे.

आमच्या मुलाने सकाळी सहालाच ॲपमधून कार्ड बंद केले. मग १९३० या नंबरावर फोन लावला. सायबर फसवणुकीसाठी देशभर हाच एक नंबर आहे. पहिल्या काही तासांत पैसा ज्या खात्यात गेला तिथेच तो अडवता आला तर अडवतात, म्हणून इथे उशीर करू नये. बँक दहाला उघडली तेव्हा आम्ही हाताने लिहिलेला अर्ज घेऊन दारात होतो. तीन मेसेजांच्या वेळा, रकमा, कार्ड घरात असल्याचे, ओटीपी आला नसल्याचे, सर्व मराठीत लिहिले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतली. हा शिक्काच पुढे उपयोगी पडला. मध्ये एकदा फोनवर आम्हाला सांगण्यात आले की तक्रार उशिरा आली. आम्ही शिक्क्याची प्रत पुढे केली, विषय संपला. नवव्या कामकाजाच्या दिवशी रक्कम तात्पुरती जमा झाली, दोन महिन्यांनी कायम झाली. सुरतेच्या व्यापाऱ्याला मात्र आम्ही त्याच दिवशी फोन करून खरी हकीकत सांगितली होती. त्याने धनादेश आठ दिवस थांबवला. तीस वर्षांच्या व्यवहाराची ती पुण्याई.

शिलाईवाल्याला यातले काही लागू झाले नाही. ओटीपी त्याने स्वतः सांगितला होता, आणि अशा वेळी कळवण्याच्या आधीचा सगळा तोटा गिऱ्हाइकाचा असतो. लाजेपोटी तो चार दिवस घरातही बोलला नाही. पाचव्या दिवशी ओरोसला सायबर पोलिसांकडे आम्ही त्याला घेऊन गेलो, त्यांनी तक्रार नीट लिहून घेतली. पण पैसा तोवर तीन-चार खात्यांतून फिरून कुठच्या कुठे गेला होता. तो अजून आलेला नाही.

आता त्याने दुसरे छोटे खाते उघडले आहे आणि मशीनवर बसला की फोन उचलत नाही. मेसेज आला की तो मोबाइल घेऊन आमच्या दुकानात येतो आणि वाचून घेतो. गेल्या शुक्रवारी जुम्याला निघायच्या घाईत असाच धावत आला, ओटीपी आलाय म्हणून. आम्ही चश्मा लावून वाचला. गॅस सिलिंडरचा होता, तो पोचवणाऱ्याला सांगायचाच असतो. सिलिंडरवाला पोऱ्या त्याच्या दारात उन्हात उभा होता आणि याने त्याला नंबर द्यायला साफ नकार दिला होता.